जोडीतला दुसरा: ताबा कोणी आणि केव्हा घ्यावा?

६ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरील एएमएसएस, म्हणजे 'ऑटोमॅटिक मेसेज स्विचिंग सिस्टिम', बिघडली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ८०० हून अधिक उड्डाणांना उशीर झाला. धावपट्ट्या शाबूत होत्या, विमाने व वैमानिक तयार होते. बंद पडली होती ती उड्डाण-योजना आपोआप हवाई वाहतूक नियंत्रकांपुढे पोहोचवणारी वाट. विमानतळ प्राधिकरणाने जादा कर्मचारी बसवून योजना हाताने भरण्यास सुरुवात केली, ईसीआयएलचे पथक मदतीला आले आणि यंत्रणा सुरू झाल्यावरही साचलेले काम निपटेपर्यंत विलंब चालूच राहिला.

संगणकजाळ्यांशी थोडाफार संबंध आलेल्या कोणाच्याही मनात ही बातमी वाचून एक प्रश्न उभा राहतो. अशी यंत्रे एकेकटी बसवत नाहीत. ती जोडीने बसवतात: एक काम करते, दुसरे तयारीत उभे असते. मग अशा प्रसंगी दुसरे काय करीत असते? दिल्लीच्या बिघाडाचे शवविच्छेदन करण्याचा येथे हेतू नाही. पण या प्रश्नाला साठ वर्षांचा इतिहास आहे आणि तो 'राखीव यंत्र ठेवले की काळजी मिटली' या समजुतीपेक्षा पुष्कळच गुंतागुंतीचा आहे.

विमानांच्या उड्डाण-योजना, हवामानवृत्ते, धावपट्टीविषयीच्या सूचना हे सारे ज्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून फिरते त्याला एएफटीएन म्हणतात. त्यातील पत्ता आठ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे ठिकाणाची: दिल्लीसाठी व्हीआयडीपी, मुंबईसाठी व्हीएबीबी. संदेशाला दोन अक्षरांचा अग्रक्रमही असतो. संकटाच्या संदेशाला एसएस, उड्डाण-योजनेला एफएफ. संगणक येण्यापूर्वी हे काम टेलिप्रिंटर-केंद्रांत माणसे करीत. आलेला संदेश कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने उमटे. कर्मचारी ती फीत फाडून घेई, पत्ता पाही आणि योग्य दिशेच्या यंत्रात ती लावी. इंग्रजीत या पद्धतीचे नावच 'टॉर्न टेप' असे पडले. ती संथ होती, माणसाच्या चुका तिच्यात होत्या. पण तिच्यात एक गुण होता, ज्याची आठवण पुढे येईल. एखादा संदेश वेडावाकडा आला तर तो माणसाच्या हातात थांबे. ती फीत बाजूला ठेवून पुढची लावावी, हे कोणाला शिकवावे लागत नसे.

फीत फाडणाऱ्या हातांची जागा एएमएसएसने घेतली. अशा यंत्रणेच्या रूढ रचनेत गाभ्याशी दोन सारखेच संगणक असतात, एक 'ऑपरेशनल' व दुसरा 'हॉट स्टँडबाय'. दोघे एकमेकांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवतात आणि चालू संगणकाकडील नोंदी राखीव संगणकाकडे आपोआप उतरवल्या जातात, म्हणजे वेळ आली तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये. राखीवाने काम हाती घेण्याच्या या क्रियेला अभियंते 'फेलओव्हर' म्हणतात. मी तिला ताबापालट म्हणेन. ती आपोआप होऊ शकते किंवा माणसाच्या आज्ञेने. आपोआप होणे हे प्रगत आणि आज्ञेने होणे हे मागासलेले, असे विद्यार्थ्यांना सहज वाटते. इतिहास तसे सांगत नाही.

ही जोडी मोठ्या प्रमाणावर वापरली ती टेलिफोनवाल्यांनी. अमेरिकेतील बेल कंपनीचे पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज, क्रमांक १ ईएसएस, मे १९६५ मध्ये न्यू जर्सीतील सक्कासन्ना या गावी सुरू झाले. चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा अधिक काळ ते बंद असू नये, असे उद्दिष्ट त्यासाठी ठेवले होते. त्यात दोन नियंत्रक एकाच तालावर एकच गणित करीत आणि उत्तरे ताडून पाहत. उत्तरे जुळेनाशी झाली की चूक कोणाची हे शोधणारा प्रोग्रॅम चाले, मग दोषी बाजूला होई. पुढे १९७८ मध्ये बेलच्याच डब्ल्यू. एन. टॉय यांनी अशा एक्स्चेंजांच्या बंद पडण्याच्या कारणांची विभागणी प्रसिद्ध केली. यंत्रभागांचा दोष २० टक्के, सॉफ्टवेअरचा १५ टक्के, माणसांच्या कार्यपद्धतीतील चुका ३० टक्के आणि सावरण्याच्या यंत्रणेतील उणिवा ३५ टक्के! बिघाडातून वाचवण्यासाठी जी योजना केली, तीच बिघाडाचे सर्वांत मोठे कारण ठरली होती. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे आणि आजही तो पुरेसा वाचला जात नाही.

दिल्लीतही या विद्येचा एक स्वतंत्र अध्याय घडला. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये हे तिचे घोषवाक्यासारखे झालेले अंदाजपत्रक. खेड्यांसाठी बनवलेले तिचे छोटे एक्स्चेंज वातानुकूलनाशिवाय, धुळीत व उन्हाळ्यात चालावे अशी अट होती. जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसले. या एक्स्चेंजांतही नियंत्रक दुहेरी होता: एक चालू, एक तयार. ज्या गावी तंत्रज्ञ पोहोचण्यास दिवस लागेल तेथे आपोआप होणारा ताबापालट ही चैन नव्हती. मराठवाड्यातील वा कोकणातील खेड्यात नव्वदच्या दशकात पहिला फोन लागला असेल, तर त्यामागे बहुधा अशीच एखादी जोडी उभी होती.

आता मूळ अडचणीकडे. जोडी बसवल्याने बिघाड नाहीसा होत नाही. त्याचे रूपांतर निवाड्यात होते. दोघांपैकी खरा कोण आणि मेला कोण, हे ठरवावे लागते. समुद्रावर दोन घड्याळे घेऊन जाऊ नये, एक तरी न्यावे किंवा तीन, असा नाविकांत संकेत होता. कारण दोन घड्याळांत फरक पडला तर चुकीचे कोणते हे कळायला मार्ग नाही. १८३१ मध्ये निघालेल्या 'बीगल' जहाजावर २२ कालमापके होती, ती उगीच नव्हेत. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत भारतीय प्रमाणवेळ राखली जाते ती एका घड्याळावर विसंबून नव्हे, तर सीझियम घड्याळांचा समूह व हायड्रोजन मेसर यांच्या आधारे. समूहात एखादे घड्याळ भरकटले तर उरलेल्यांच्या साक्षीने ते उघडे पडते. जोडीला ही सोय नसते.

शिवाय येथे प्रश्न चूक-बरोबरचा नसून जिवंत-मृताचा आहे. राखीव यंत्राला एवढेच समजते की सोबत्याची हाक ऐकू येत नाही. सोबती बंद पडला असेल, किंवा दोघांमधली तार तुटली असेल, किंवा तो कामाच्या ओझ्याने फक्त मंद झाला असेल. बाहेरून तिन्हींचे लक्षण एकच: शांतता. दोन डोंगरांवरील दोन सैन्यांनी बेभरवशाच्या जासुदांमार्फत हल्ल्याची वेळ पक्की करू पाहावी आणि कितीही जासूद पाठवले तरी शेवटच्याचे काय झाले ही शंका उरावी, असे कोडे १९७५ मध्ये मांडले गेले आणि ते सुटत नाही हे सिद्ध झाले. १९८५ मध्ये फिशर, लिंच व पॅटरसन यांनी याच जातीचा निष्कर्ष अधिक व्यापक रीतीने मांडला: संदेश पोहोचण्यास किती वेळ लागेल याला मर्यादा नसेल आणि एक जरी सहभागी बंद पडू शकत असेल, तर प्रत्येक वेळी खात्रीने एकमतास पोहोचवणारी ठरावीक रीत असूच शकत नाही. व्यवहारात आपण 'इतके सेकंद थांबू, मग मेला असे समजू' अशी मुदत घालतो. मुदत म्हणजे ज्ञान नव्हे, तो एक अंदाज आहे.

हा अंदाज संगणकजाळ्यांत कसा बसवला आहे पाहा. एखाद्या कार्यालयातून बाहेर जाणारा मार्ग ज्या राउटरमधून जातो, त्याची जोडी करण्याची व्हीआरआरपी नावाची प्रमाणित पद्धत १९९८ मध्ये आली. दोन राउटर मिळून एकच काल्पनिक पत्ता धारण करतात. मुख्य राउटर दर सेकंदाला 'मी आहे' अशी हाक देतो. सुमारे तीन हाका चुकल्या की राखीव राउटर तो पत्ता स्वतःकडे घेतो आणि शेजारच्या स्विचना तसे कळवतो. कार्यालयातील संगणकांना काही बदलले हे समजतही नाही. पण हाका नेणारी तारच तुटली, तर दोघेही स्वतःला मुख्य समजू लागतात. याला 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात. राउटरच्या बाबतीत त्याने वाहतूक विस्कळीत होते. माहितीसाठ्याच्या बाबतीत दोन वेगवेगळे खरे इतिहास तयार होतात, आणि ते पुन्हा एक करणे फार अवघड असते.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळाचे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्र ४३ सेकंद तुटले. स्वयंचलित यंत्रणेने तेवढ्यात डेटाबेसचा ताबा पश्चिम किनाऱ्याकडे दिला. जोडणी लगेच पूर्ववत झाली, पण दोन्ही बाजूंकडे आता दुसरीकडे नसलेल्या नोंदी होत्या. ४३ सेकंदांचा खंड निस्तरायला २४ तास ११ मिनिटे लागली. तेथे थांबून राहणे हे उत्तर अधिक स्वस्त पडले असते, पण थांबणे हा पर्याय त्या यंत्रणेच्या यादीत नव्हता.

म्हणूनच जाणती मंडळी ताबापालटाचा काही भाग मुद्दाम हातात ठेवतात. सॉफ्टवेअर बदलायचे असेल तर आधी राखीव यंत्रावर बदलतात, ते तपासतात, मग आज्ञा देऊन ताबा त्याच्याकडे नेतात आणि मोकळ्या झालेल्या जुन्या यंत्रावर काम करतात. बिघाडानंतर पहिले यंत्र बरे होऊन परतले तरी त्याने ताबा आपोआप परत घेऊ नये, अशी तजवीजही पुष्कळ ठिकाणी असते. दर दहा मिनिटांनी पडणारे व उठणारे यंत्र पूर्ण मेलेल्यापेक्षा वाईट. ते ताबा घेत-सोडत राहते आणि प्रत्येक वेळी धक्का बसतो. परतीचा निर्णय माणसाने, शक्यतो रात्रीच्या निवांत वेळी घ्यावा.

बरे होऊन परतणेच किती घातक ठरू शकते, हे १५ जानेवारी १९९० रोजी दिसले. एटी अँड टी कंपनीच्या न्यूयॉर्कमधील एका मोठ्या टेलिफोन-स्विचमध्ये किरकोळ दोष उद्भवला. त्याने नियमाप्रमाणे काही सेकंद काम थांबवले, स्वतःला सावरले आणि परत आल्याचे शेजाऱ्यांना कळू लागले. शेजारी स्विच ती नोंद करीत असतानाच त्याच्याकडून दुसरा संदेश आला, आणि सुमारे महिनाभरापूर्वी बसवलेल्या सॉफ्टवेअरमधील एका ओळीच्या चुकीमुळे शेजाऱ्याची स्मृती बिघडली. मग शेजाऱ्याने स्वतःला सावरले, परत आल्याचे पुढच्यांना कळवले. 'मी बरा झालो' ही वार्ताच रोग पसरवीत होती. सर्व ११४ स्विचमध्ये एकच सॉफ्टवेअर होते. नऊ तास देशभरचे दूरचे फोन विस्कळीत राहिले. अभियंत्यांनी जाळ्यावरील संदेशांचा भार कमी केला तेव्हा ते स्थिरावले. कोणत्याही एका यंत्राकडून दुसऱ्याकडे ताबा देऊन नव्हे.

हवाई वाहतुकीतील सर्वांत बोधप्रद प्रसंग ब्रिटनमधला, २८ ऑगस्ट २०२३ चा. उड्डाण-योजना वाचून नियंत्रकांना पुरवणारी तेथील यंत्रणा २०१८ पासून दीड कोटींहून अधिक योजना बिनबोभाट हाताळून गेली होती. त्या सकाळी लॉस एंजेलिस ते पॅरिस उड्डाणाची योजना आली. तिच्या मार्गात डीव्हीएल या एकाच नावाचे दोन बिंदू होते, एक अमेरिकेतील डेव्हिल्स लेकचा आणि दुसरा फ्रान्समधील डोव्हिलचा. विमान ब्रिटनच्या आकाशातून बाहेर कोठे पडते हे शोधताना यंत्रणेला भलताच डीव्हीएल सापडला. मार्गाची संगती लागेना. चुकीची माहिती नियंत्रकांपुढे जाण्यापेक्षा थांबलेले बरे, या सुज्ञ नियमानुसार मुख्य यंत्रणा बाजूला झाली. राखीव यंत्रणेने ताबा घेतला. रांगेत पहिली योजना तीच होती, आणि राखीव यंत्रणेतील सॉफ्टवेअरही तेच होते. वीस सेकंदांच्या आत दोन्ही बंद!

ताबापालट येथे अगदी निर्दोष झाला, हे लक्षात घ्यावे. १९९६ मध्ये एरियान ५ रॉकेट कोसळले तेव्हा याहून विचित्र घडले होते: दिशादर्शक संगणकांच्या जोडीतील राखीव संगणक त्याच कारणाने मुख्याच्या ७२ मिलिसेकंद आधीच बंद पडला होता. दोन सारखी यंत्रे झिजेपासून, वीज जाण्यापासून, तार तुटण्यापासून वाचवतात. दोघांनाही न समजणाऱ्या संदेशापासून वाचवत नाहीत. अमेरिकेत ११ जानेवारी २०२३ रोजी वैमानिकांसाठीच्या सूचनांची यंत्रणा कोलमडून देशभरची उड्डाणे रोखावी लागली, तेथे मुख्य व राखीव माहितीसाठ्यांचा मेळ घालण्याच्या कामातच फायली अनवधानाने पुसल्या गेल्या होत्या.

ब्रिटनमध्ये हवे होते ते टॉर्न टेपवाल्या कर्मचाऱ्याचे काम: ती एक फीत उचलून बाजूला ठेवणे. पण कोणती फीत, हे कळायला वेळ लागला. सुट्टीचा सोमवार असल्याने जबाबदार अभियंता घरून काम पाहत होता. तो केंद्रात येईपर्यंत सुमारे दीड तास गेला. यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीला चार तासांहून अधिक काळ विचारलेच गेले नव्हते. दरम्यान योजना हाताने भरणे चालू होते आणि आकाशातील गर्दी त्या वेगाला झेपेल इतकी कमी करण्यात आली होती. ७ लाखांहून अधिक प्रवाशांना याची झळ पोहोचली.

जोडीला दोनच उत्तरे माहीत असतात: हा किंवा तो. तिसरे उत्तर, म्हणजे संदेश बाजूला काढणे, भार उतरवणे किंवा ४३ सेकंद काहीच न करणे, माणसाला सुचू शकते. पण म्हणून सारे माणसावर सोपवावे, हेही चालत नाही. त्याचे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेल्या जोडण्या एकाच दिवशी अडचणीत आल्या होत्या. चेन्नईत राखीव केंद्र होते. ताबापालट होणार की नाही हे यंत्राने नव्हे, माणसांनी ठरवायचे होते. त्यांनी चेन्नईकडे न जाता मुंबईतच दुरुस्ती केली. व्यवहार दुपारी ३.४५ ला सुरू झाले आणि बाजार संध्याकाळी ५ पर्यंत लांबवावा लागला. त्या चार तासांत सौदे अडकलेल्यांची अवस्था काय झाली असेल, ते वेगळे सांगायला नको. मार्चमध्ये सेबीने नियमच घातला: महत्त्वाची यंत्रणा अडली तर ३० मिनिटांच्या आत 'आपत्ती' जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत, गरज पडल्यास राखीव केंद्रातून, काम सुरू करायचे. वरवर हा तांत्रिक नियम दिसतो, पण त्याचा रोख यंत्रावर नाही. 'आणखी पाच मिनिटे पाहू' म्हणणाऱ्या, मोठा निर्णय आपल्या सहीने होऊ नये असे वाटणाऱ्या मानवी स्वभावावर घातलेली ती मुदत आहे. राउटरला तीन सेकंद, संचालकांना तीस मिनिटे!

मुदत असली तरी हात सरावलेला हवा. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज यांनी 'स्वयंचलनातील विसंगती' दाखवून दिली होती: यंत्र जितके विश्वासार्ह, तितका माणसाचा सराव कमी, आणि यंत्र हरते ते नेमके अवघड प्रसंगी, म्हणजे सराव नसलेल्या माणसाकडे सर्वांत कठीण काम सर्वांत वाईट वेळी येते. दिल्लीत नोव्हेंबरमध्ये उड्डाण-योजना हाताने भरणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे दिवसाला दीड हजारांच्या आसपास विमानांची ये-जा करणारा विमानतळ होता. फितींच्या काळात त्याच कामाचा वेग त्या काळच्या वाहतुकीला पुरत असे. आता तो पुरणे शक्य नाही, आणि उशीर झाला तो या दोन वेगांमधील अंतराचा.

शेअर बाजाराने सरावासाठी एक मार्ग काढला. शनिवार, २ मार्च २०२४ रोजी बाजार मुद्दाम उघडला: पहिले छोटे सत्र मुख्य केंद्रातून, मध्ये विराम, दुसरे सत्र राखीव केंद्रातून, आणि सौदे खरे. १८ मे रोजी, पुन्हा शनिवारीच, हाच प्रयोग झाला. विमानतळाला असा बंद शनिवार मिळत नाही. तेथे ताबापालटाचा सराव करायचा तर तो चालू वाहतुकीत, पहाटेच्या त्यातल्या त्यात विरळ तासांत, हवेत विमाने असतानाच करावा लागतो.